मालनची शिट्टी

आमच्या कोपरीत तेव्हा डिग्री म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. वकिलाला असते, डॉक्टरला असते, एवढं माहीत. पण खेळातली डिग्री? माझी पुतणी मालन ओट्यावर उभी राहून बोलली, "काका, मी खेळातली डिग्री घेणार," तेव्हा आमच्या हुतूतूच्या संघातला गणू एवढा हसला की बशीतला गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. मग मात्र तो हसायचा थांबला.

मी पंढरी. चार बुकं शिकलो, तीपण मार खाऊन खाऊन. पावसाळ्यात भातशेती, बाकीचे महिने मिठागर, आणि ऊन उतरलं की हुतूतू. कोपरीचा संघ मी उभा केलेला. खाडीच्या दोन्ही अंगाच्या गावांत विचारा, आमच्या पट्ट्यात शिरलेला गडी सरळ चालत परत गेला का कधी.

मालन माझ्या थोरल्या भावाची, काळुरामची पोरगी. त्याला सगळं गाव दादूस बोलतं. मिठागरावरचा मुकादम. मिशी अशी, की बायका बोलायच्या, हिच्यावर मासळी सुकवता येईल. दादूस कुणाचं ऐकायचा नाही. ऐकवायचा फक्त.

पोरगी लहानपणापासून पट्ट्याच्या कडेला बसायची. आम्ही खेळायचो, ही बघायची. एकदा मला विचारते, "काका, दम कुठून येतो?"

"छातीतून."

"छातीत कुठून येतो?"

"अगं, वाऱ्यातून येतो. नाकातून आत जातो."

"मग गणूदादाला माझ्याएवढंच नाक आहे. त्याचा दम लांब कसा?"

मी बोललो, तो भात जास्त खातो. पण पोरीचं समाधान झालं नाही. तिची आई आवडाबाई, म्हणजे माझी वहिनी, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून वाहून मानेत आखडलेली. बायका वहिनीची मान तेल लावून चोळायच्या, आणि ही शेजारी बसून विचारायची, नक्की कुठली शीर, कुठलं हाड. वहिनी ओरडायची, "गप बस गो, मान माझी दुखते नि जीव तुझा जातो."

अशी पोरगी शाळेत गेली, खो-खोत ठाणे जिल्ह्यात पहिली आली, मॅट्रिक झाली. कोपरीतली मॅट्रिक झालेली आमच्या जातीतली पहिली पोरगी. सन सत्तावनची गोष्ट.

तिच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, उत्तराबाई. नौपाड्यात राहायच्या. गोऱ्या, उंच, पायात कॅनव्हासचे बूट आणि नऊवारीचा घट्ट काष्टा. एक दिवस रूळ ओलांडून सरळ आमच्या ओट्यावर आल्या. वहिनीनं पाट मांडला, पण बाई बसल्या जमिनीवर, मांडी घालून. दादूसला ते आवडलं.

बाई बोलल्या, "काळुरामजी, मालनपुढे तीन रस्ते आहेत. एक, कांदिवलीला सरकारी कॉलेजात एक वर्षाचा कोर्स. सर्टिफिकेट मिळेल, शाळेत खेळाची शिक्षिका होईल. दुसरा, आधी बी. ए. करायचं, मग वरचा डिप्लोमा. त्याला पाच वर्षं जातील. आणि तिसरा, ग्वाल्हेरला यंदा नवीन कॉलेज निघतंय. तीन वर्षांची डिग्री. मुलींनाही घेणार आहेत."

दादूसनं विचारलं, "तीन वर्सां शिकवतात काय?"

"शरीर. हाडं, स्नायू, रक्त, श्वास. कुणाला कुठला व्यायाम द्यायचा, लहान मुलाला काय, बाईला काय, दुखणाऱ्या माणसाला काय. आणि हे सगळं दुसऱ्याला कसं शिकवायचं, ते."

"नि उड्या?"

"उड्याही."

"उड्या मारायला ग्वाल्हेर कनाला? आमच्या खाडीत काय कमी जागा हाय?"

गणू फिसकन हसला. मालन हसली नाही. ती बोलली, "बाबा, कांदिवलीला खेळ कसा शिकवायचा ते कळेल. ग्वाल्हेरला दम कुठून येतो ते कळेल. मला दोन्ही पाहिजेत."

दादूसनं सुपारी कातरून तोंडात टाकली. मग बोलला, "कांदिवली जवल हाय. कांदिवली बरी."

"निवड तरी होऊ द्या," बाई बोलल्या. "ग्वाल्हेरसाठी आपल्या जिल्ह्याची निवड कल्याणला आहे, एका शाळेच्या मैदानावर. मालनची निवड झाली नाही तर प्रश्नच मिटला."

ही बाई हुशार होती. दादूसला वाटलं प्रश्न मिटेल, म्हणून तो बोलला, "जा. निवड झाली तर बगू." आणि उठता उठता मालनकडे बोट केलं, "पन शिट्टीची शपथ हाय ती हाय."

आता ही शिट्टीची भानगड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोन वर्षं आधी उत्तराबाईंनी मालनला आपली एक पितळी शिट्टी दिलेली, शाळेच्या पोरींचा सराव घ्यायला. ही गाढवी ती घेऊन मिठागरावर आली. मार्च महिना, आगरात मीठ धरलेलं, पांढरं शुभ्र, उचलायला दोन दिवस. हिनं बांधावर उभं राहून जोरात शिट्टी फुंकली. आमच्यात बाईमाणसानं आगरात शिट्टी वाजवायची नाही. वारा फिरतो, बोलतात. आता त्याच दिवशी रात्री अवकाळी पाऊस यायचा होता, तो आला. सगळं मीठ पाण्यात गेलं. जेवढं धरलं तेवढं खाडीनं परत घेतलं. सकाळी दादूस मालनला धरून गावदेवीपुढे घेऊन गेला आणि शपथ घातली. जन्मात शिट्टी वाजवायची नाही.

आणि आमच्याकडे शपथ म्हणजे ज्यानं घातली त्यानंच सोडायची. त्यानं तोंडानं 'सुटली' बोललं पाहिजे, चार माणसांत. मी सोडू शकत नाही, वहिनी सोडू शकत नाही. खुद्द गावदेवी आली तरी तिला दादूसला विचारावं लागेल.

मालननं त्या दिवसापासून शिट्टी वाजवली नाही. पोरींचा सराव टाळ्या वाजवून घ्यायची. पण शिट्टी बाईंना परतपण केली नाही. दोरीला बांधून गळ्यात ठेवायची, पोलक्याच्या आत.

निवडीचा दिवस जुलैत होता. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पट्ट्यावर जमलो. मी बोललो, "उद्या सगळ्यांनी लवकर उठा. कल्याणला जायचंय."

मालन बोलली, "काका, निवड माझी आहे. तुम्ही कशाला?"

"निवड म्हणजे सामनाच की. पोरगी परगावात खेळायला जाणार नि आम्ही इथं चटईवर लोळत पडणार? लोक काय बोलतील, कोपरीला माणसं नाहीत?"

"अहो पण तिथं एकेकाचीच परीक्षा असते."

"हुतूतू एकटा कोण खेळतो ग? तिथं सात लागले तर आणणार कुठून?"

ती कपाळाला हात लावून गेली. आता मला सांगा, आम्ही काय चूक बोललो? गावाबाहेर खेळायला कुणी गेलं तर गावानं पाठी जायचं, ढोल न्यायचा, मैदानात शिरायच्या आधी नारळ फोडायचा. एकटं सोडलं तर आमच्या तोंडाला काळं. डिग्री आली म्हणून रीत सोडायची काय?

सकाळी मिठाची लॉरी मिळाली. पावसाळ्यात ती रिकामीच उभी असायची. आम्ही सात गडी, ढोल, नारळाची पिशवी, मालन, आणि सगळ्यात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला दादूस. तो कशाला आला विचारलं तर बोलला, "कल्यानला माजं काम हाय." काय काम, ते त्यालाही माहीत नव्हतं. फळ्यांच्या फटीत जुनं मीठ अडकलेलं, पावसानं ओलं झालेलं. मुंब्र्याचे खड्डे लागेपर्यंत सगळ्यांच्या लुंग्या मागून पांढऱ्या झालेल्या.

मैदानावर उत्तराबाई वाट बघत होत्या. आमची लॉरी बघून त्यांचं तोंड असं झालं की जसं लिंबू चावलं. ढोल वाजत होता, गणू नाचत होता, मी नारळ फोडला. तिथं पंधरा-वीस पोरं-पोरी उभ्या होत्या, पांढऱ्या बनियनमध्ये, पांढऱ्या बुटांत. डोंबिवलीचा बाळ नावाचा एक पोरगा, केस चापून बसवलेले, तो बोलला, "कोणाचं लग्न आहे हो?"

गणू बोलला, "तुजा ठरला असल तर तुजापन लावून टाकू. ढोल आनलाच हाय."

निवड करणारे तिघं होते. मधला मोठा साहेब, खाकी अर्धी पँट, पांढऱ्या मिशा, आवाज असा की झाडावरचे कावळे उडाले. "ही वरात कोणाची?"

मला वाटलं पोरगी आता आम्हाला ओळखणार नाही, मान खाली घालेल. पण ती पुढे झाली.

"माझी आहेत साहेब. माझ्या गावची माणसं."

"कशाला आली आहेत?"

"मला एकटीला पाठवायचं नव्हतं त्यांना."

साहेबानं आमच्याकडे बघितलं, मागून पांढऱ्या झालेल्या लुंग्यांकडे बघितलं, आणि बोलला, "ढोल बंद. त्या झाडाखाली बसा. हललात तर बाहेर काढीन."

आम्ही बसलो. दादूस आमच्याकडे पाठ करून नारळाच्या पिशवीवर बसला, म्हणजे त्याचा नि आमचा काही संबंध नाही असा.

धावायचं झालं, लांब उडी झाली, गोळा झाला. मालन चिखलातपण अशी पळाली की बाळचं तोंड बघण्यासारखं झालं. नंतर शिकवायची परीक्षा. प्रत्येकानं आठ जणांची तुकडी घ्यायची, रांग लावायची, व्यायाम करून घ्यायचा. पोरं एकमेकांचीच तुकडी करत होती. सगळी शाळेतून कवायत शिकलेली, 'उजवीकडे वळ' बोललं की खटकन वळायची. बाळनं शिट्टी मारली, तर सगळे एकदम लाकडासारखे उभे.

मालनची पाळी आली. ती तुकडीकडे निघाली तर साहेब बोलला, "थांबा. ही मुलं शिकलेली आहेत. यांना शिकवण्यात काय कौशल्य?" आणि झाडाखाली बोट केलं. "तुम्ही तुमची वरात घ्या. त्यांना शिकवा. दहा मिनिटं."

तो आम्हाला सजा देत होता की तिला, कळेना. उत्तराबाई उठून काही बोलायला गेल्या, तर मालन बोलली, "चालेल साहेब." अशी बोलली की जणू तिनंच मागितलं.

आम्ही उठलो. सात. साहेब बोलला, "आठ पाहिजेत. तो पाठमोरा कोण?"

"तो बापूस हाय तिचा," मी बोललो.

"मग त्याला आणा."

दादूस उठला तो रागानंच उठला. पण सगळं मैदान बघत होतं, बसून राहिला असता तर भित्रा ठरला असता. येऊन माझ्या बाजूला उभा राहिला. दातांतून बोलला, "पंढ्या, घरी चल, मग दाखवतो."

मालन समोर उभी राहिली. "दोन रांगा करा. चार पुढे, चार मागे." ते जमलं. "उजवीकडे वळ!"

आता काय सांगू. तीन जण इकडे, चार तिकडे, आणि गणू पूर्ण फिरून परत तिथंच. माझी नि दादूसची टक्कर झाली. पलीकडे पोरं हसायला लागली. बाळ तर बसलाच खाली. जेवायचा हात कुठला ते आम्हाला कळतं हो, पण हुकूम ऐकून वळायचं म्हटलं की डोक्यातलं पाय ऐकेनात.

मालननं हात वर केला. ओरडली नाही. बोलली, "गणूदादा, खाडी कुठं?"

आमची आठही बोटं एकदम एका बाजूला गेली. नवीन गावात उतरलो तरी आमच्या माणसाला पहिलं हे कळतं, खारा वास कुठून येतो ते.

"खाडीकडं वळ!"

वळलो. खटकन.

"डोंगराकडं वळ!" मलंगगडाकडे तोंड. खटकन.

"आता माझ्याकडं तोंड! खाडीकडचा हात वर! डोंगराकडचा पाय पुढं!" हे असं चाललं, आणि हळूच मध्येच तिनं 'खाडीकडचा' सोडून 'डावा' बोलायला सुरुवात केली. आमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही डावा-उजवा बरोबर करत होतो. पोरं हसायची थांबली. दादूस घामेघूम, पण पाय चुकत नव्हता. त्याला चुकायचं ठाऊकच नाही, हुकूम कुणाचापण असो.

साहेब जवळ आला. "ठीक. आता व्यायाम. शिट्टीवर काम घ्या. एक शिट्टी बसा, दुसरी उठा. गळ्यात आहे ना शिट्टी?"

दोरी दिसत होती. मालननं दोरी धरली. शिट्टी बाहेर काढली. आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"वाजवा."

"टाळीवर घेते, साहेब."

"शिट्टीवर. सगळ्यांनी शिट्टीवर घेतलं. तुम्हाला वेगळा नियम नाही."

"वाजवता येणार नाही मला."

"येत नाही?"

"येते. वाजवणार नाही."

उत्तराबाईंना राहवेना. "अगं मालन!" त्या ओरडल्या. साहेबानं कानावरची पेन्सिल काढली. पोरगी बापाकडे बघतपण नव्हती. मागत नव्हती, रडत नव्हती. सरळ समोर बघत होती, जसं काय आता नावावर पेन्सिल चालली तरी चालेल, पण दिलेला शब्द चालणार नाही. हा हट्ट कुणाचा? बाजूला उभा होता ना, मिशीवाला, त्याचाच.

मी कुजबुजलो, "दादूस, सोड."

"गप."

"तुजी शपथ, तुलाच सोडायची. तिचा जन्म जाईल रं."

दादूसनं वर बघितलं. आभाळ काळंकुट्ट. खाडीवरून वारा. मग तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "पंढ्या, आगरात मीठ हाय काय आता?"

"कुटला? सगला कोठारात गेला."

"म्हंजे पाऊस आला तरी भिजायचा काय नाय."

"काय नाय."

"हां." त्यानं घसा साफ केला. मिशीवरून हात फिरवला. आणि एवढ्या हळू बोलला की फक्त मलाच ऐकू आलं, "सुटली."

मालन बोलली, "ऐकू आलं नाही. रांगेतून मोठ्यानं बोलायचं."

आईशप्पथ सांगतो, तीस वर्षांत दादूसला असं कुणी बोललेलं नाही. मला वाटलं आता उडतो हा. पण तो छाती काढून उभा राहिला, आणि मलंगगडावर ऐकू जाईल असा ओरडला, "सुटली!"

"काय सुटली?" साहेबानं विचारलं.

"कोपरीची गाडी सुटली साहेब," गणू बोलला. "आता मदी थांबत नाय."

मालननं शिट्टी वाजवली. दोन वर्षांची अडकलेली शिट्टी होती ती. पलीकडची शिकलेली पोरंसुद्धा दचकून ताठ झाली. आणि आमच्या आठांत सगळ्यात आधी कोण खाली बसलं असेल? दादूस. दुसऱ्या शिट्टीला सगळ्यात आधी कोण उठलं? तोच. एकदा तर तो गणूच्या पाठीत कोपर मारून बोलला, "निट कर की रं, पोरीचा मार्क जाईल."

नंतर साहेबानं मालनला विचारलं, ग्वाल्हेरच का? जवळ कांदिवली आहे. ती बोलली, "माझ्या आईची मान आखडलीय. ओझं डोक्यावर न्यायचं तर कसं न्यायचं, आणि मान मोकळी कशी करायची, हे मला शिकायचंय. आणि परत येऊन शिकवायचंय. एका वर्षात खेळ शिकता येईल, माणूस शिकता येणार नाही."

साहेबानं पेन्सिल परत कानावर ठेवली. "कळवू आम्ही," तो बोलला. मग आमच्या लॉरीकडे बघून थोडा हसला. "पण पेटी भरायला घ्यायला हरकत नाही. आणि स्टेशनवर पोचवायला ढोल आणू नका."

"आननारच," गणू बोलला.

परत निघताना दादूस बोलला, लॉरी बाजारातून घे, माझं काम आहे. तेव्हा आम्हाला कळलं की काम होतं, आताच तयार झालेलं. एका भांड्यांच्या दुकानात शिट्ट्या टांगलेल्या. दादूसनं एकेक घेऊन फुंकून बघितली. दुकानदार बोलला, "मामा, उष्ट्या करून ठेवल्यात, आता सगळ्या घ्या." एक मोठी पितळी पसंत पडली. ती मालनला दिली आणि बोलला, "बाईंची बाईंना परत दे. दुसऱ्याच्या शिट्टीवर परगावात जाऊ नये."

परतीला तो ड्रायव्हरच्या बाजूला बसला नाही. मागे आमच्यात आला, फळीवर, ओल्या मिठात. मुंब्रा दिसायला लागल्यावर बोलला, "बाय, ग्वाल्हेरला मासली मिलते काय गो?"

"सुकी नेईन."

"नि तिथं मिठागरं हायेत?"

"नाहीत, बाबा. समुद्रच नाही तिथं."

दादूस विचारात पडला. समुद्र नसलेलं गाव कसं असेल, ते त्याला जमवायला वेळ लागला. मग बोलला, "बरं हाय मग. तिथं बारा महिने वाजव. हितं आलीस की जून ते सप्टेंबर."

"आणि बाकीचे महिने?"

"बाकीचे महिने टाली."

एवढं बोलून त्यानं तिच्या हातातली नवीन शिट्टी घेतली आणि स्वतःच फुंकली. पुन्हा फुंकली. ढोलवाल्यानं साथ धरली. पारसिकच्या डोंगराखालून आम्ही तसेच चाललेलो, शिट्टी नि ढोल, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. तेवढ्यात खाडीवरून पाऊस सरसरत आला आणि एका क्षणात सगळ्यांना भिजवून गेला. फटीतलं मीठ वितळून आमच्या पायांवर वाहायला लागलं.

दादूसनं तोंडातली शिट्टी काढली. मिशी गळत होती.

"बगितलं?" तो बोलला. "मी काय खोटा बोलत होतू?"